अनामत

सिंहगड रस्त्यावरचा आमचा फ्लॅट जून २०१६ मध्ये आम्ही पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा घरमालक होण्याची हौस आम्हां दोघांपैकी कुणालाच नव्हती. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांच्याजवळ राहण्यासाठी आम्ही कोथरूडला आलो आणि गृहकर्जाचा हप्ता चालू असताना दुसऱ्या घराला कुलूप लावून ठेवणे परवडणारे नव्हते. एका एजंटने आठवडाभरात एक नवविवाहित जोडपे आणले. दोघेही नोकरी करणारे, बोलायला नम्र; पहिल्याच भेटीत त्यांनी मला ‘काकू’ म्हणायला सुरुवात केली. भाडे १४,००० रुपये, अनामत ५०,००० रुपये आणि करार अकरा महिन्यांचा, असे ठरले. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, सगळ्यांचे फोटो व ठसे घेतले आणि अर्ध्या तासात आम्ही घरमालक झालो.

अनामतीचे पैसे माझ्या बचत खात्यात जमा झाले आणि पुढच्याच महिन्यात मुलाच्या प्रवेशाची व वसतिगृहाची फी भरताना त्यांतूनच गेले. त्यात काही वावगे आहे, असे मला त्या वेळी वाटले नाही. जानेवारी २०१७ मध्ये त्या भाडेकरू जोडप्यातल्या मुलाची बंगळूरला बदली झाली. करारात लिहिल्याप्रमाणे त्याने महिनाभर आधी कळवले, शेवटच्या दिवशी घर झाडून-पुसून किल्ली हातात दिली आणि मी त्याला म्हणाले, ‘थोडे दिवस थांब, पैसे पाठवते.’ ते थोडे दिवस तेवीस दिवसांवर गेले. बंगळूरला दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत होती. जमली तेवढी रक्कम त्यांनी तिथे भरली होती आणि उरलेली आमच्याकडून येणार या भरवशावर तिथल्या मालकाला शब्द दिला होता. एका रात्री त्या मुलीचा संदेश आला : ‘काकू, इथल्या मालकांनी अजून किल्ली दिलेली नाही. आम्ही मैत्रिणीकडे राहतो आहोत. उद्या झाले तर फार बरे होईल.’ त्यात रागाचा एक शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच मी मुदत ठेव मोडली आणि पैसे पाठवले. ती ठेव तेवीस दिवसांपूर्वीही मोडता आली असती. व्याज बुडेल म्हणून मी ती मोडली नव्हती. माझ्या थोड्याशा व्याजासाठी दोन माणसे परक्या गावात दुसऱ्याच्या घरी पथारी टाकून झोपत होती, हे मला आजही आठवते आणि आजही त्याचे वाईट वाटते.

अनामत म्हणजे दुसऱ्याची, आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली वस्तू. हिंदीतली ‘अमानत’ आणि आपली ‘अनामत’ मुळात एकच. हे मला कळायला त्या मुलीचा संदेश यावा लागला, याचे दुःख अधिक आहे. कारण मी स्वतः भाडेकरूच्या घरात वाढले.

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांचे भाडे महिना २२ रुपये होते. वडील दर महिन्याची भाडेपावती दाराआडच्या खुंटीला अडकवलेल्या तारेत टोचून ठेवत. वर्षानुवर्षांच्या पावत्यांनी ती तार जाडजूड झाली होती आणि खालच्या पावत्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. पावती आहे तोवर घर आहे, असे वडील म्हणत. मात्र घरात शिरताना १९६६ मध्ये आईच्या पाटल्या मोडून जे १,५०० रुपये दिले होते, त्यांची पावती त्या तारेत नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. ती पागडी होती, आणि पागडी घेणे हा १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने गुन्हा होता. पुढे १९९९ च्या कायद्याने अशा रकमेला मान्यता दिली. पण आमच्या आईच्या पाटल्यांचा पुरावा शेवटपर्यंत फक्त मालकीणबाईंच्या स्मरणात राहिला.

त्या मालकीणबाई, वरच्या माई, माडीवर राहत. पावसाळ्यात आमच्या खोलीत तीन ठिकाणी गळायचे; एका ठिकाणी बादली, दुसऱ्या ठिकाणी परात आणि तिसऱ्या ठिकाणी, अंथरुणाच्या पायथ्याशी, पितळी पातेले. वडील दर मे महिन्यात वर जाऊन कौले शाकारून देण्याची विनंती करत आणि माई दर वर्षी तेच उत्तर देत : ‘बावीस रुपयांत मी कौलं कुठून आणू, तुम्हीच सांगा.’ लहानपणी मला माई कठोर वाटत. आज हिशेब मांडते तेव्हा त्यांचे म्हणणे आकड्यांत खरे होते, हे दिसते. जुन्या घरांचे प्रमाणित भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधले होते. विटा, चुना, गवंड्याची मजुरी, महापालिकेचा कर, सगळे वाढत गेले आणि भाडे तिथेच राहिले. पुण्यातले किती वाडे या एका कारणाने खचले, हे पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही पातेल्यात रात्रभर टपटपणाऱ्या पाण्याचा आवाज माईंना ऐकू येत नव्हता, आम्हांला येत होता. मालकाचा हिशेब बरोबर असतानाही भाडेकरूच्या अंथरुणावर पाणी पडू शकते, हे मी त्या खोलीत पाहिले आहे.

बहुतेक नव्या मालकांच्या मनात भीती असते ती भाडेकरू घर बळकावील याची. ही भीतीही त्या जुन्या काळातून आली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक केवळ परवान्यावर, म्हणजे भाडेकरूचा हक्क नसताना मालकाच्या परवानगीने, कुणाच्या घरात राहत होते, त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि तेव्हापासून हजारो मालकांनी घर रिकामे ठेवणे पत्करले. आजची स्थिती तशी नाही. ३१ मार्च २०००पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरण्याच्या परवान्याचा, करार संपल्यावर परवानाधारकाने घर सोडलेच पाहिजे; सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मात्र याच कायद्याचे कलम ५५ मालकाला बजावते की, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज अजूनही आपल्याकडे ठाण मांडून बसला आहे. महाराष्ट्रात तो खरा नाही.

आणि नोंदणीला खर्च तरी किती येतो? आमच्या अलीकडच्या कराराचेच सांगते. भाडे १८,००० रुपये, मुदत चोवीस महिने, अनामत ६०,००० रुपये. मुद्रांक शुल्क काढताना चोवीस महिन्यांचे भाडे ४,३२,००० रुपये धरतात, त्यात परत करायच्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी होणारे दोन वर्षांचे व्याज १२,००० रुपये मिळवतात आणि या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लावतात. म्हणजे १,११० रुपये. शहरी भागासाठी नोंदणी फी १,००० रुपये. लाखो रुपयांचे घर परक्या माणसाच्या हाती देताना एवढ्या रकमेची काटकसर का करावी, हे मला समजत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवता येते आणि सोसायटीला कराराची प्रत द्यावी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवणे पुरते. मालक स्वतः राहत नसलेल्या घरावर सोसायटी जे भोगवटेतर शुल्क घेते, त्याच्या नावाखाली मनमानी रक्कम लावणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असे ठरवून दिले आहे.

बंगळूरच्या त्या प्रसंगानंतर मी एक वही केली. तिच्यात पहिल्या पानावर अनामतीची रक्कम लिहिली आहे आणि तेवढीच रक्कम एका वेगळ्या ठेवीत आहे, जिला घरातला कोणताही खर्च आला तरी हात लावायचा नाही. दुसऱ्या पानापासून भाड्याचा हिशेब सुरू होतो. भाडे हातात आले की त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे सध्या १,८०० रुपये, दुरुस्तीसाठी बाजूला काढते आणि उरलेल्यालाच भाडे म्हणते. ही सवय लागल्यापासून माझी झोप सुधारली आहे.

वर्षाचा हिशेब मात्र सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून करावा असाच आहे. बारा महिने घर भरलेले असले, तर २,१६,००० रुपये येतात. सोसायटीचा देखभाल खर्च महिना २,५०० प्रमाणे ३०,००० रुपये, भोगवटेतर शुल्क २,१६० रुपये आणि महापालिकेचा कर १६,००० रुपये जातो. या करात स्वतः राहणाऱ्या मालकाला पुण्यात ४० टक्के सवलत आहे. ती मध्यंतरी थांबली होती आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वेळी स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरण्यासाठी शेजाऱ्यांची धावपळ चालली होती आणि ‘तुम्हीही भरून टाका, कोण बघायला येतं?’ असे मला एकाने सांगितले. मी भरला नाही. घरात दुसरे कुटुंब राहत असताना मी तिथे राहते असे लिहून देणे मला जमण्यासारखे नव्हते. हे सगळे जाऊन १,६७,८४० रुपये उरतात. मग प्राप्तिकर. भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा होतो आणि राहिलेल्या २,००,००० रुपयांतून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग तुम्ही त्यासाठी काहीही खर्च केलेला असो किंवा नसो. उरलेल्या १,४०,००० रुपयांवर, वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह, २९,१२० रुपये कर बसतो. हातात राहतात १,३८,७२० रुपये. आमच्या फ्लॅटची आजची किंमत साठ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर आहे. ज्या वर्षी घर महिनाभर रिकामे राहिले आणि रंग व नळकामावर ३४,००० रुपये गेले, त्या वर्षी कर भरून जेमतेम ८९,००० रुपये उरले होते.

हे आकडे मी कुणाला घाबरवण्यासाठी देत नाही. कर्जाचा हप्ता भाड्यातून फिटेल, या हिशेबाने दुसरे घर घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या तरुण मुलांना मी हीच वही दाखवते. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज वजा होते हे खरे, पण त्यातून येणारा तोटा पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वळता करण्याला जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे आणि नव्या प्रणालीत ती सोय नाहीच. आमचा हप्ता २०२३ मध्ये संपेपर्यंत भाड्याने तो कधीच पूर्ण भरला नाही. दर महिन्याला पगारातून भर घालावी लागली. घराची किंमत वाढली हे समाधान आहे, परंतु वाढलेल्या किमतीतून नळ बदलता येत नाही. परदेशी असलेल्या मालकांचे तर आणखी वेगळे. माझी मावसबहीण मेलबर्नला असते आणि तिचा बाणेरचा फ्लॅट भाड्याने आहे. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही लहान असो, भाडेकरूने कर कापूनच ते द्यायचे असते, हे तिला आणि तिच्या भाडेकरूला दोन वर्षांनी कळले आणि दोघांनाही निस्तरताना फार त्रास झाला.

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती आणि पोपडे बादलीत पडत होते. आमच्या घरात तेव्हा लातूरहून बदली होऊन आलेले कुटुंब राहत होते : नवरा-बायको, पाच महिन्यांचे बाळ आणि आजी. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक नळातून आलेली गळती सोसायटीची, पण आपल्या न्हाणीघरातून खाली झिरपणारी गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, असा नियम आहे. मिस्त्रीने फरशी उचलली, तेव्हा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेचे सिमेंट पूर्ण सुटलेले दिसले. बोट आत जात होते. जुना कोबा फोडणे, ट्रॅप बदलणे, जलरोधक थर देणे, दोन दिवस पाणी भरून ठेवून खाली ओल येते का ते पाहणे आणि मग फरशी बसवणे, या सगळ्याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आजी बाळाला स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी, पाटावर परात ठेवून अंघोळ घालत होत्या. मी गेले तेव्हा घरभर सिमेंटची धूळ होती आणि बाळाच्या दुपट्यावरही तिचा पांढरा थर होता. मी काही बोलण्याआधीच आजी म्हणाल्या, ‘ताई, बसा. चहा टाकते. घर म्हटलं की हे आलंच.’

मी त्या महिन्याच्या भाड्यातले आठ दिवसांचे ४,८०० रुपये कमी घेतले. त्यांनी मागितले नव्हते. घरी यावर बोलणे झाले. दुरुस्तीचा खर्चही आपण करायचा आणि भाडेही सोडायचे हे कसे, असा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. पण न्हाणीघर असलेल्या घराचे भाडे मी घेत होते आणि आठ दिवस ते न्हाणीघर मी देऊ शकले नव्हते. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या दहाव्या हिश्शातून मिस्त्रीचे पैसे गेले. माईंना बावीस रुपयांतून असा हिस्सा काढता येणे शक्य नव्हते. मला येतो, मग मी तसे का वागू नये?

घर कुणाला द्यायचे, हा प्रश्न पैशांच्या प्रश्नापेक्षा मला जास्त जड गेला. एजंट फोनवर प्रथम आडनाव सांगतो, मग खाणेपिणे, आणि पगार-नोकरी सर्वांत शेवटी. ‘मॅडम, फॅमिली आहे, व्हेज आहे,’ हे त्याच्या तोंडी इतके बसले आहे की, आपण काय सांगतो आहोत याचा त्यालाही विचार पडत नाही. समितीतल्या एका सदस्यांनी मला बाजूला घेऊन ‘आपल्यातलेच बघा’ असेही सुचवले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की, मला भाडे वेळेवर येते का, घर नीट राहते का आणि शेजाऱ्यांना उपद्रव होत नाही ना, एवढेच पाहायचे आहे. आणि यांतले काहीही आडनावावरून किंवा कढईत काय शिजते त्यावरून समजत नाही. भाडेकरूच्या दारात उभे राहून जात विचारण्याचा अधिकार घराच्या मालकीबरोबर मिळतो, असे समजणारे लोक आपल्या शहरात सुशिक्षितांच्या वस्त्यांमध्ये आहेत आणि याची मला मनापासून लाज वाटते. नोकरीचे पत्र, तीन महिन्यांच्या पगाराची कागदपत्रे आणि आधीच्या मालकाशी पाच मिनिटे बोलणे, यावर मी तीनदा घर दिले आहे आणि तीनदाही पस्तावले नाही.

लातूरच्या कुटुंबाने यंदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घर सोडले. त्यांनी धायरीला स्वतःचा फ्लॅट घेतला. ते राहायला आले तेव्हा त्या घरातल्या मुलीने, म्हणजे आजींच्या घरातल्या नवरा-बायकोंपैकी बायकोने, आणि मी सही केलेली सामानाची यादी मी नेली होती : पंखे चार, गीझर एक, ट्यूबलाइट सहा, किल्ल्यांचे जोड दोन. खोलीखोलीतून आम्ही ती वाचत फिरलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जिथे त्यांचे देवघर होते, तिथे समईच्या काजळीचा हातभर डाग होता. एजंट म्हणाला, ‘रंगाचं एक महिन्याचं भाडं कापून घ्या, सगळेच घेतात.’ दोन वर्षे माणसे राहिली की भिंत मळणारच. ती झीज मालकाची. तिच्यासाठीच तर भाडे असते. मीटरचे शेवटचे रीडिंग घेऊन विजेचे ७४० रुपये तेवढे वजा केले आणि किल्ली हातात घेण्याआधी ५९,२६० रुपये तिथेच उभे राहून पाठवले. त्या मुलीने फोन पाहिला आणि नवऱ्याला हाक मारून सांगितले, ‘अहो, आले पैसे. काकूंनी आत्ताच पाठवले.’ तिचा चेहरा इतका मोकळा झाला की, गेले काही दिवस तिला याचीच काळजी होती हे मला कळले. टेम्पो गेल्यावर मी वहीतली पहिल्या पानावरची रक्कम खोडली आणि तारीख घातली.

मग न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, ट्रॅपवर घोटाभर पाणी साचू दिले आणि अर्ध्या तासाने खाली गेले. खालच्या काकूंनी दार उघडले आणि काही न विचारता आत नेले. त्यांनी स्टूल पुढे केले. मी त्यावर चढून छताला हात लावला, कोपऱ्यातही लावला. कोरडे होते. काकू म्हणाल्या, ‘पहिला मोठा पाऊस झाला की परत बघून जा.’ येते म्हणाले.